खाऱ्या पाण्यानं धुतलेल्या गाड्या

बोअरला पाणी लागलं तेव्हा सगळ्यात आधी चव घेतली ती मामाने. ओंजळभर पाणी तोंडात धरलं, बाजूला थुंकलं, धोतराच्या सोग्याने मिशा पुसल्या आणि बाबांकडे न बघता तो म्हणाला, "खारं हाये, भाऊजी. आमच्या पट्ट्यात दुसरं लागतच नाई." हा मामा म्हणजे माझ्या मायचा थोरला भाऊ. अकोल्याहून अमरावतीकडे येणाऱ्या सडकेला लागून त्याची जमीन होती, तिच्यातला एक तुकडा त्याने आम्हाला वापरायला दिला होता. बाबांनीही ओंजळ भरली, पण चव घेतली नाही. पाणी उन्हात धरून पाहिलं. ते काचेसारखं स्वच्छ होतं. "गाडी काई पाणी पेत नाई," ते म्हणाले आणि मशीनवाल्यांसाठी चहा ठेवायला मायला हाक मारली. पाणी लागल्याच्या आनंदात मायने चुकून त्याच पाण्याचा चहा टाकला. दूध फाटलं. त्या दिवशी सगळ्यांनी काळा चहा प्यायला.

त्याआधी आम्ही अमरावतीत होतो. बाबा एका गॅरेजात वीस वर्षं हाताखाली काम करत होते आणि आम्ही त्या गॅरेजच्या मागच्याच दोन खोल्यांत राहायचो. मालक वारले, मुलांनी जागा विकायची ठरवली, तेव्हा बाबांच्या डोक्यात गाड्या धुण्याचा स्वतःचा धंदा काढायचं आलं. गाड्या वाढत होत्या, सडकेवर जीपा, मेटॅडोर, वकील-डॉक्टरांच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. गाडी वर घ्यायला सिमेंटचा एक चढ, एक मोटार, एक जुना कॉम्प्रेसर आणि मागे टिनाच्या दोन खोल्या, एवढ्यावर आमचा संसार अकोल्याच्या बाजूला सरकला. मायला माहेर जवळ आल्याचा आनंद होता. मला अमरावती सुटल्याचं दुःख होतं. त्या वर्षी मी बारावीला रसायनशास्त्रात नापास झाले होते, त्यामुळे माझ्या दुःखाला घरात फारशी किंमत नव्हती. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर खाल्लेला दह्यातला गिला वडा आठवून मी उशीत तोंड खुपसायची, एवढंच.

आता मागे वळून बघताना ते घर मला आवाजांनीच आधी आठवतं. सकाळी मोटार घरघरायची, मग कॉम्प्रेसरची धडधड, मग पत्र्यावर उडालेल्या पाण्याचा तडतडाट. दुपारी सडकेवरून कापसाच्या बैलगाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे जायच्या, त्यांच्या चाकांचा आणि हाकणाऱ्यांचा आवाज. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी मामा एक दिवसाआड बैलगाडीवर दोन ड्रम भरून गावातल्या नळावरून आणायचा. आम्ही त्याला गोडं पाणी म्हणायचो. मायचा त्या ड्रमांवर पहारा असायचा. खाऱ्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, कितीही वेळ चुलीवर ठेवा, दाणा दाण्यासारखाच राहतो. म्हणून डाळ गोड्या पाण्याची, भात गोड्या पाण्याचा, आणि बाकी आंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरचं. आमच्या स्टीलच्या ताटांवर वाळल्यावर पांढुरका पापुद्रा धरायचा. माय तो रोज जेवणाआधी पदराने पुसायची. मी ते रोज बघत होते, आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

गाड्यांच्या बाबतीत बाबांचं मत पक्कं होतं. धुवायची भरपूर पाण्याने, आणि मग हात लावायचा नाही. उन्हात उभी करायची, वारा लागू द्यायचा. फडकं फिरवलं की धूळ घासली जाते आणि रंगावर ओरखडे पडतात, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. ते खोटंही नव्हतं. फक्त ते अमरावतीच्या पाण्याचं ज्ञान होतं. इथे धुतलेली गाडी उन्हात वाळली की तिच्यावर थेंबाथेंबाच्या जागी पांढरे डाग उमटायचे. पांढऱ्या जीपवर ते दिसत नसत. करड्या गाडीवर थोडे दिसायचे. ड्रायव्हर लोक हाताने पुसून निघून जायचे. त्यात कापसाचे दिवस सुरू झाले. सडकेवरून जाणाऱ्या गाड्यांमधून कापूस उडायचा आणि ओल्या गाडीवर बारीक तुसासारखा येऊन बसायचा. बाबा त्याच्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायचे. तूस उडायचं, थेंब पळून कडेला जमायचे आणि तिथे वाळून आणखी जाड रेघा उमटायच्या. गिऱ्हाईक कमी होत गेलं. बाबांनी त्याचा दोष सडकेला दिला, दिवसांना दिला, पाण्याला मात्र दिला नाही. जागा मामाची होती, आणि पाण्याला नावं ठेवली असती तर मायला लागलं असतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

अकोल्याचे एक वकीलसाहेब होते, त्यांची काळी गाडी. ते अमरावतीला कोर्टाच्या कामाने जायचे आणि जाताना आमच्याकडे गाडी धुवून घ्यायचे. मोजकं बोलणारे, चष्मा नाकावर उतरलेला, गाडी धुताना झाडाखाली कागद वाचत बसणारे. दोनदा त्यांनी डागांबद्दल सांगितलं. तिसऱ्यांदा संध्याकाळी परतताना ते मुद्दाम थांबले. गाडीच्या बॉनेटवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडला होता. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की, कोर्टाच्या आवारात लोकांनी विचारलं, गाडीला चुना कोणी लावला. बाबांना ते फार लागलं. ते आत आले, माझा जुना परकर उचलला आणि त्या वाळलेल्या डागांवर जोर लावून गोल गोल घासायला लागले. डाग निघाले. बॉनेट कोरडं झालं. आणि मग सूर्य खाली उतरताना तिरपं ऊन त्याच्यावर पडलं, तेव्हा आम्हाला सगळ्यांना दिसलं की काळ्या रंगावर बारीक ओरखड्यांची वर्तुळंच वर्तुळं उमटली आहेत. वाळलेलं मीठ आणि धूळ बाबांनी स्वतःच्या हाताने रंगात घासली होती.

वकीलसाहेबांनी बोट फिरवून पाहिलं. "राहू द्या," ते म्हणाले, "आता मी दुसरीकडे पाहीन." त्यांनी शिवी दिली असती तर बाबांना बरं वाटलं असतं. गाडी गेल्यावर ते चढावर बसून राहिले. आयुष्यात त्यांनी लोकांच्या गाड्या खोलल्या होत्या, जोडल्या होत्या, पण कोणाची गाडी आपल्या हातून खराब झाली, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं. पाचव्या दिवशी त्यांनी मायला सांगितलं की अमरावतीत एका गॅरेजला माणूस पाहिजे आहे, मोटार आणि कॉम्प्रेसर विकून टाकू आणि परत जाऊ. खरं म्हणजे मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला परत जायचंच होतं. पण बाबा ज्या आवाजात ते बोलले, तो आवाज मला सहन झाला नाही. असा हरून गेलेला माणूस घेऊन मला अमरावतीला जायचं नव्हतं.

खोलीमागे कडुनिंबाला टेकून एका भंगारातल्या गाडीचा दरवाजा पडला होता. बाबांनी तो पत्र्याच्या आडोशासाठी आणलेला. दुसऱ्या दिवशी बाबा अकोल्याला गेल्यावर मी तो धुतला. रंग काळाच होता. खडूने मी त्याचे चार भाग केले. चारही भागांवर बोअरचं पाणी मारलं. एक भाग उन्हात तसाच सोडला. दुसऱ्यावर हवा मारली. तिसरा नव्या टॉवेलने पुसला, जो मायने पाहुण्यांसाठी पेटीत ठेवला होता. चौथ्यासाठी मामाचं जुनं धोतर मागून आणलं, धुऊन धुऊन जाळीसारखं झालेलं. मामाने विचारलं, काहून पाहिजे. मी म्हटलं, गाडी पुसाले. त्याने डोक्यावरची टोपी मागे सरकवली आणि आणखी काही न विचारता धोतर दिलं. पेटीतून आणखी एक काढलं आणि तेही दिलं.

उन्हातला भाग अर्ध्या तासात पांढरा झाला. हवेचा भाग मध्ये स्वच्छ आणि कडेला रेघारेघांचा. नव्या टॉवेलने मला फसवलं. तो दिसायला जाड, पण पाणी पितच नव्हता, नुसता इकडून तिकडे ढकलत होता, आणि वर आपलेच धागे सोडत होता. नव्या कापडात खळ असते, ती जाईपर्यंत ते पाणी धरत नाही, हे मला मायने सांगितलं. आपला टॉवेल दिसल्यामुळे ती रागावूनच आली होती. धोतराचा भाग सगळ्यात चांगला निघाला. तरी निरखून पाहिलं तर त्याच्यावरही धुरकट पापुद्रा होता. मी तो घासून काढायला लागले. मायने माझा हात धरला.

"लेकराचं आंग कोनी असं घासून पुसते का व? टीप त्याले. घासू नको."

तिने माझ्या हातातलं धोतर घेतलं, पिळलं, झटकलं, दरवाजावर सपाट पसरलं आणि हलकेच आपल्याकडे ओढलं. पाणी धोतरात आलं. मग कोरड्या टोकाने टिपलं. तिला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण ओल्या वस्तू तिने जन्मभर कोरड्या केल्या होत्या. उरला पापुद्रा. त्याच्यासाठी मला एक तांब्या गोडं पाणी पाहिजे होतं. ते मी मायला मागितलं. माय बराच वेळ ड्रमाकडे बघत राहिली. मग तिने तांब्या भरून दिला आणि म्हणाली की सांडू नको. मी तो चौथ्या भागावर वरच्या कडेने हळूहळू सोडला. पाण्याची एक अखंड पातळ चादर खाली उतरली आणि मागचं खारं पाणी घेऊन गेली. त्याच्यावर धोतर ओढलं. दरवाजा उन्हात ठेवून आम्ही दोघी समोर बसलो. स्वयंपाक तसाच राहिला. डाग उमटला नाही.

हे बाबांना सांगायची माझी हिंमत नव्हती. रसायनशास्त्रात नापास झालेली पोरगी पाण्यातल्या मिठाबद्दल काय सांगणार, हा त्यांचा नव्हे, माझाच विचार होता. म्हणून मी उलटाच रस्ता धरला. दुसऱ्या दिवशी बस पकडून अकोल्याला गेले आणि विचारत विचारत वकीलसाहेबांच्या घरी पोचले. ते व्हरांड्यात बसले होते. मला त्यांनी ओळखलं. मी म्हटलं की गाडी एकदा आमच्याकडे आणा. त्यांनी चष्मा काढला.

"आणखी ओरखडे पाडायला?"

मी पाठ करून आलेलं सगळं विसरले. मग जे तोंडात आलं ते सांगितलं. दरवाजा, खडूचे चार भाग, टॉवेल, मामाचं धोतर. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं की तू इथे आल्याचं वडिलांना माहीत आहे का. मी नाही म्हटलं. मग ते तुझं ऐकतील का, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नाही, असं मी म्हटलं. ते थोडे हसले असावेत, मी खाली बघत होते. "रविवारी येतो," ते म्हणाले. "पण मी समोर बसणार. आणि नाही जमलं तर परत बोलवायचं नाही."

त्या रात्री मायने कढी-गोळे केले होते, बाबांना आवडायचे म्हणून. मी वकीलसाहेबांकडे जाऊन आल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. कोनाले विचारून गेली, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी कोनाले नाई म्हटल्यावर मान खाली घालून जेवण संपवलं. सकाळी मी उठले तेव्हा ते कडुनिंबाखाली उभे होते. मायने त्यांना दरवाजा दाखवला होता. खडूच्या पुसट रेघा अजून होत्या. ते एकेका भागावरून तळवा फिरवत होते, पहिल्या भागावरून, मग चौथ्या भागावरून, परत पहिल्यावरून. मला बघून ते तिथून निघून गेले. मोटार विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण दरवाजाबद्दलही एक अक्षर बोलले नाहीत. रविवारपर्यंतचे ते तीन दिवस मला फार लांब वाटले.

रविवारी वकीलसाहेब उजाडता उजाडताच आले. मायने त्यांना झाडाखाली खाट टाकून दिली, गोड्या पाण्याचा चहा दिला. मामाही आला होता, बैलगाडीवर दोनऐवजी तीन ड्रम घेऊन. गाडी चढावर घेतली. बाबांनी पाइप हातात घेतला, फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे वळले.

"बोल. पयले कोठून?"

एवढे तीन शब्द. आज माझं वय त्या वेळच्या बाबांपेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि मला कळतं की वीस वर्षं कारागिरी केलेल्या माणसाला गिऱ्हाइकासमोर ते शब्द उच्चारायला काय लागलं असेल. तेव्हा मी फक्त गाडीकडे पाहिलं. मी म्हटलं, टपापासून. बाबांनी टपापासून सुरुवात केली. ऊन यायच्या आत, सावलीत, वरून खाली. साबण निघाला. मग मी स्टुलावर चढून बादलीतलं गोडं पाणी तांब्याने टपाच्या मधोमध सोडलं, काचेवर सोडलं, बॉनेटवर सोडलं. एका बादलीत सगळी गाडी झाली. मामाच्या धोतराचं एक टोक बाबांनी धरलं, दुसरं मी. आम्ही ते टपावर पसरलं आणि दोघांनी मिळून मागे ओढत नेलं. बाबांच्या मनगटात जोर होता, ते पिळायचे तेव्हा धोतरातून धार लागायची. आरशांच्या खाचांत, दाराच्या मुठींमागे आणि नंबराच्या पाटीखाली पाणी लपून बसतं आणि नंतर ओघळतं, तिथे तेवढी त्यांनी हवा मारली आणि लगेच टिपलं. ती युक्ती त्यांची होती, मला सुचली नव्हती. एकदा मागच्या दारावर एक थेंब वाळत आलेला दिसला आणि सवयीने त्यांचा हात गोल फिरायला लागला.

"बाबा, टिपा," मी म्हटलं.

ते थांबले. फडकं ओलं करून त्या जागी ठेवलं, थोडा वेळ तसंच दाबून धरलं आणि उचललं. खाटेवरून वकीलसाहेब बघत होते. मायही दारातून बघत होती.

मग आम्ही गाडी उन्हात आणली आणि ऊन वर चढायची वाट बघत बसलो. सडकेवरून कापसाच्या दोन गाड्या गेल्या. तूस उडून गाडीवर आलं, पण कोरड्या गाडीवर ते थांबलं नाही, वाऱ्याबरोबर पुढे गेलं. वकीलसाहेब उठले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून बॉनेट पाहिलं. पांढरा ठिपका कुठेच नव्हता. गाडी इतकी स्वच्छ झाली होती की मागच्या वेळचे ओरखडे त्यामुळे उलट आणखी स्पष्ट दिसत होते. मला वाटलं, आता संपलं. बाबा पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच त्या वर्तुळांवर बोट ठेवलं.

"हे माझे हायेत, साहेब. हे माझ्याच्यानं निघत नाईत."

वकीलसाहेबांनी मान हलवली. उशीर होतोय म्हणाले. गाडीत बसल्यावर काच खाली करून त्यांनी विचारलं की बुधवारी सकाळी मोकळे आहात का. बाबा हो म्हणाले. गाडी सडकेला लागून दिसेनाशी झाली तेव्हा मामा एकटाच बोलला. म्हणाला, आता माह्या अंगावरचं तेवढं धोतर राहू द्या.

पुढे पुष्कळ वर्षं ते वकीलसाहेब येत राहिले, त्यांच्या ओळखीचे येत राहिले, आणि मामाचा तिसरा ड्रम कायमचा झाला. मी रसायनशास्त्रही पार केलं. नोकरीही पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतच लागली. आता अमरावतीत माझा मुलगा आपली गाडी मऊ लव असलेल्या कुठल्याशा कापडाने पुसतो, वारा फेकणारं लहानसं यंत्रही त्याने आणलं आहे. परवा त्याने मला विचारलं की या दोन्हींत चांगलं काय. मी म्हटलं, आधी पाणी कुठलं आहे ते बघ. मग सावली बघ. कापड कुठलंही घे, पण जुनं आणि स्वच्छ घे, आणि घासू नको. त्याला वाटलं, आईला काय कळतं गाड्यांतलं. मी वाद घातला नाही.

त्या रविवारनंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. मी अकोल्याहून रसायनशास्त्राचा क्लास करून बसने परत आले. चढावर एक जीप उभी होती, धुऊन झालेली, अंगावरून पाणी निथळत होतं. ड्रायव्हरला घाई होती. तो बाबांना म्हणत होता की हवा मारून मोकळं करा, एवढं काय त्यात. बाबांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. ते कॉम्प्रेसर बंद करत म्हणाले, "पाच मिनिटं थांबा. पोरीची बस आलीच असन. सुकवायचं काम तिचं हाये, थे मले तिच्यासारखं जमत नाई."

मी थोडा वेळ सडकेच्या कडेलाच उभी राहिले. मग आत जाऊन पुस्तकं खाटेवर ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि दोरीवरचं धोतर काढून घेतलं.